बूलियन मॉडेल : एबीएच्या जाळ्यात फीडबॅक टाकला की चक्र येतंय. हे पेशीत खरंच घडतं की नियम चुकलाय?

मांजराकाठ (लातूर)

तुरीच्या पानाला पाण्याचा ताण पडल्यावर कोणती जनुकं चालू होतात, याचं छोटं बूलियन मॉडेल (प्रत्येक घटक ० म्हणजे बंद किंवा १ म्हणजे चालू) बांधायलोय. सांगाडा अराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपावरून घेतलाय. ॲब्सिसिक ॲसिड हे ताणाचं संप्रेरक (पुढं एबीए) आलं की पीवायएल हा ग्राही ते धरतो, पीपी२सी या फॉस्फटेजला (फॉस्फेट काढणारं विकर) अडवतो, त्यामुळं स्नर्क२ हे कायनेज (फॉस्फेट लावणारं विकर) मोकळं होतं, ते एबीएफ या प्रतिलेखन घटकाला (जनुकं चालू करणारं प्रथिन) चालू करतं आणि एबीएफ आरडी२९बी या जनुकाला. फाइलीत नियम रोमन लिपीत आहेत, इथं मराठीत लिहितो :

एबीए = एबीए
पीवायएल = एबीए
पीपी२सी = नाही पीवायएल
स्नर्क२ = नाही पीपी२सी
एबीएफ = स्नर्क२
आरडी२९बी = एबीएफ

बूलनेट या सॉफ्टवेअरमध्ये सिंक्रोनस पद्धतीनं (सगळे घटक, म्हणजे नोड, एकदम बदलतात) चालवलं. एकूण ६४ स्थिती, दोन स्थिर ॲट्रॅक्टर (जाळं शेवटी जिथं जाऊन अडकतं ते), प्रत्येकाकडं ३२ स्थिती जातात. एबीए ० असेल तर फक्त पीपी२सी चालू, एबीए १ असेल तर पीपी२सी सोडून सगळं चालू. इथपर्यंत ठीक.

पण एबीएमुळं पीपी२सीची जनुकंसुद्धा जास्त व्यक्त होतात, म्हणजे एबीएफकडून पीपी२सीकडं उलटा बाण आहे. तो टाकला :

पीपी२सी = (नाही पीवायएल) किंवा एबीएफ

आता एबीए १ असताना स्थिर स्थितीच नाही. एक ६ पायऱ्यांचं चक्र (२४ स्थिती त्यात जातात) आणि एक २ पायऱ्यांचं (८ स्थिती). एबीए ० ची बाजू आधीसारखीच, ३२. पान असं चालू-बंद होत राहतं का? की माझा नियम चुकलाय?

दुधना (परभणी)

नियम बरोबर की चूक ते नंतर बघू. आधी २ पायऱ्यांचं चक्र बाजूला काढा, ते घड्याळानं तयार केलेलं आहे.

कागदावर करून बघा. एबीए १ धरला की पीवायएल १ वर बसतो, मग खरा खेळ तिघांचाच : पीपी२सी, स्नर्क२, एबीएफ, याच क्रमानं. ०११ पासून सुरू करा. पुढच्या ठोक्याला १११, मग १०१, १००, ०००, ०१० आणि परत ०११. ही सहा झाली. उरल्या दोन : ००१ आणि ११०. ००१ मध्ये तिघांनाही बदलायचंय, आणि सिंक्रोनस पद्धतीत तिघं एकाच क्षणी बदलतात, म्हणून थेट ११० वर उडी. तिथून परत तिघं एकदम, पुन्हा ००१. फॉस्फटेज, कायनेज आणि प्रतिलेखन घटक एकाच ठोक्याला पालटतील असं पेशीत काहीच नाही. असिंक्रोनस करा, म्हणजे एका वेळी एकच नोड बदलेल. मग ००१ वरून १०१, ०११ किंवा ००० कुठंही गेलात तरी सहाच्या चक्रात पडता, आणि दोनचं चक्र नाहीसं होतं.

सहाचं मात्र टिकतं. त्यातल्या प्रत्येक स्थितीत बदलू पाहणारा नोड एकच आहे, त्यामुळं कोणताही क्रम लावा, वाट तीच. बूलनेटमध्ये असिंक्रोनस शोधलं तर ६ ऐवजी १२ स्थितींचा गुंता दिसेल, घाबरू नका. आरडी२९बी हे शेपटीला असल्यामुळं एबीएफच्या मागं रेंगाळू शकतं, म्हणून प्रत्येक स्थिती दोनदा येते.

आणि कंस जपा. '(नाही पीवायएल) किंवा एबीएफ' वेगळं आणि 'नाही (पीवायएल किंवा एबीएफ)' वेगळं. कंस नसला तर 'नाही' हे फक्त लगेच पुढच्या नावाला लागतं.

गोदाकाठ (नांदेड)

चक्र का टिकतं ते चालवून बघायच्या आधीही सांगता येतं. वळशातले अडवणारे बाण मोजा. एबीएफ → पीपी२सी चालू करणारा, पीपी२सी → स्नर्क२ अडवणारा, स्नर्क२ → एबीएफ चालू करणारा. अडवणारा एकच, म्हणजे विषम, म्हणजे ऋण वळसा. अडवणारे सम असते तर धन वळसा.

रने थॉमस यांनी १९७३ मध्ये जनुकांच्या नियंत्रणासाठी तर्कशास्त्राची ही मांडणी केली, आणि पुढं १९८१ मध्ये दोन नियम सुचवले : एकाहून जास्त स्थिर स्थिती हव्यात तर जाळ्यात धन वळसा असावाच लागतो, आणि टिकणारं दोलन हवं तर ऋण वळसा असावाच लागतो. 'असावाच लागतो' एवढंच. असला म्हणजे तसं होईलच असं नाही. तुमच्या पहिल्या मॉडेलमधल्या दोन स्थिर स्थितीसुद्धा 'एबीए = एबीए' या ओळीमुळंच आहेत. तो स्वतःवरचा धन वळसा आहे. पेशी दोन मार्गांतून एक निवडतेय असा अर्थ त्यातून काढू नका, तो फक्त आपण दिलेला इनपुट आहे.

स्टुअर्ट कॉफमन यांनी १९६९ मध्ये यदृच्छ जाळी घेऊन ॲट्रॅक्टर म्हणजे पेशीचा प्रकार ही कल्पना मांडली. त्यांची जाळी सिंक्रोनस होती, थॉमस यांनी सुरुवातीपासून असिंक्रोनसवर भर दिला. बूलनेटची डिफॉल्ट सिंक्रोनस असल्यामुळं नवीन माणूस नकळत पहिल्या बाजूला जातो.

ॲट्रॅक्टरकडं जाणाऱ्या स्थितींच्या संचाला इंग्रजीत बेसिन म्हणतात, त्याला पाणलोट म्हणू या. कोणत्या उतारावरचं पाणी कोणत्या ओढ्याला जातं, नेमकं तेच मोजायचं असतं. फक्त पाणलोट मोठं म्हणजे ती अवस्था शेतात जास्त दिसते असं समजू नका. पेशी ६४ स्थितींतून चिठ्ठी काढून सुरुवात करत नाही. ती एबीए ० च्या स्थिर स्थितीत बसलेली असते आणि तिथं एबीए १ होतो. तिथूनची वाट बघा.

काळी_माती (परभणी)

आता नियमाबद्दल. 'किंवा एबीएफ' असं लिहिलं म्हणजे तुम्ही एक दावा केलाय : ग्राही कितीही फॉस्फटेज अडवून बसला असला तरी नवीन फॉस्फटेज तयार झालं की ते ग्राहीला हरवतं आणि स्नर्क२ पूर्ण बंद होतं. असा पुरावा आहे का? ग्राही नवीन रेणूंनाही धरतोच की.

उलट 'आणि' वापरून बघा. दोन नोड करा, पीपी२सीचं प्रमाण आणि पीपी२सीची क्रिया, आणि लिहा : क्रिया = प्रमाण आणि (नाही पीवायएल). आता ग्राही नेहमी जिंकतो, चक्र गेलं, पण फीडबॅकला कामच उरलं नाही. मग एबीएमुळं ही जनुकं वाढतात कशाला? म्हणजे दोन्ही टोकं चूक. खरी गोष्ट प्रमाणाची आहे आणि ती ० आणि १ मध्ये बसत नाही. इथं तीन पातळ्या लागतात.

आणखी एक खोच आहे. पीपी२सीचं प्रमाण शून्य कधीच नसतं, ताण नसतानाही ते पानात असतंच, त्यानंच स्नर्क२ दाबून ठेवलेलं असतं. ही मुळातली पातळी विसरणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक. ई. कोलाय जिवाणूचा लॅक ओपेरॉन (लॅक्टोज वापरायच्या जनुकांचा एकत्र चालू-बंद होणारा गट) घ्या. लॅक्टोज आत न्यायला पर्मिएज लागतं आणि पर्मिएजचं जनुक त्याच ओपेरॉनमध्ये. 'ओपेरॉन बंद म्हणजे पर्मिएज ०' असं लिहिलं की लॅक्टोज कधीच आत जात नाही आणि जिवाणू लॅक्टोजनं भरलेल्या नळीत कायमचा बंद राहतो. खरा ई. कोलाय तसा उपाशी राहत नाही, कारण दाबलेला ओपेरॉनही थोडा गळत असतो. ती गळती वेगळी पातळी म्हणून लिहावी लागते.

तर असं लिहा :

पीपी२सी प्रमाण : १ किंवा २. एबीएफ चालू असेल तर २, नाहीतर १.
स्नर्क२ : ०, १, २. पीवायएल बंद असेल तर ०. पीवायएल चालू आणि पीपी२सी १ असेल तर २. पीवायएल चालू आणि पीपी२सी २ असेल तर १.
एबीएफ : स्नर्क२ किमान १ असेल तर चालू.

एबीए १ धरून सोडवा. एबीएफ चालू, म्हणून पीपी२सी २, म्हणून स्नर्क२ १, आणि १ ला एबीएफ चालूच राहतो. स्थिर. ऋण वळसा तोच आहे, पण आता तो आवर घालतो, बंद करत नाही.

एवढंच बदला की एबीएफला स्नर्क२ ची पातळी २ लागते, आणि चक्र परत येतं. म्हणजे 'चक्र खरं का?' हा प्रश्न आता मोजता येईल असा झाला : एबीएफचा उंबरठा १ वर आहे की २ वर?

मांजराकाठ (लातूर)

हे पटलं. जिनसिम या सॉफ्टवेअरमध्ये तीन पातळ्या घालून चालवलं, स्थिर स्थिती एकच येते : पीपी२सी २, स्नर्क२ १, एबीएफ १. पण वाटा दोन दिसायल्यात. एका वाटेत स्नर्क२ आधी २ वर जातं आणि मग १ वर उतरतं. दुसऱ्या वाटेत ते १ वर असतानाच एबीएफ चालू होतो, पीपी२सी वाढतं आणि स्नर्क२ वर जातच नाही. कोणती धरायची?

दुधना (परभणी)

साध्या असिंक्रोनसमध्ये सगळे नोड सारख्याच घाईत असतात, म्हणून दोन्ही वाटा येतात. पेशीत तसं नाही. फॉस्फेट लागणं-निघणं मिनिटांत होतं, प्रतिलेखन होऊन प्रथिन साठायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. जिनसिममध्ये प्राधान्य वर्ग लावता येतात. पीवायएल, स्नर्क२, एबीएफ वेगवान वर्गात ठेवा, पीपी२सी प्रमाण आणि आरडी२९बी संथ वर्गात. वेगवान वर्गातलं सगळं शांत झाल्यावरच संथ नोड हलतो. मग पहिलीच वाट उरते : आधी उसळी, मग उतार.

बूलनेटमध्ये दोन बिट करून तीन पातळ्या लिहायचा मोह होतो. करता येतं, पण मग 'वरचा बिट १, खालचा ०' अशी अर्थहीन स्थितीही मोजली जाते आणि तिच्यातून भुताटकीचे ॲट्रॅक्टर निघतात. ते चाळणं जमणार नसेल तर जिनसिममध्येच राहा.

संख्यावाला (छत्रपती संभाजीनगर)

मॉडेल प्रयोगाला जोडताना हमखास घसरायची जागा म्हणजे मोजमापाचं ० आणि १ करणं. आरटी-क्यूपीसीआरच्या (जनुकाचा आरएनए मोजायची चाचणी) सापेक्ष पातळ्या थेट के-मीन्समध्ये (आकड्यांचे गट पाडायची पद्धत) टाकू नका. समजा एका जनुकाच्या सहा वेळांच्या पातळ्या अशा आहेत : १, १.२, ६, १४, ४०, ९०. सरळ या आकड्यांवर दोन गट पाडले तर ९० एकटा १ होतो आणि बाकी पाचही ०. चाळीस पट वाढलेलं जनुक 'बंद'! हेच आकडे लॉग२ करून घ्या : ०, ०.२६, २.५८, ३.८१, ५.३२, ६.४९. आता १४, ४०, ९० हे तिन्ही १ होतात. ६ सीमेवर आहे, तिथं तीन जैविक नमुन्यांची मतं वेगवेगळी पडली तर जबरदस्तीनं ० किंवा १ लिहू नका, 'माहीत नाही' म्हणून मोकळं सोडा.

आणि गट प्रत्येक जनुकाचे वेगळे पाडायचे. सगळ्या जनुकांना एकच उंबरठा लावला तर नेहमी जोरात व्यक्त होणारं जनुक कायम १ आणि प्रतिलेखन घटक कायम ०.

मोजमापावरून नियम आपोआप काढायचा विचार असेल तर आकडा लक्षात ठेवा. तीन इनपुट असलेल्या नोडची सत्यता सारणी ८ ओळींची, शक्य नियम २५६. सहा वेळांच्या नमुन्यांत त्यातल्या ४ ओळी दिसल्या, तर उरलेल्या ४ ओळी कशाही भरता येतात, म्हणजे १६ नियम सारखेच बसतात. सॉफ्टवेअर त्यातला कोणताही देईल. चार इनपुट झाले की शक्य नियम ६५,५३६. म्हणून नियम हातानं, जीवशास्त्रावरून लिहा आणि मोजमाप तपासणीला ठेवा.

पूर्णाकाठ (हिंगोली)

एम.एस्सी.ला आहे, मूलभूत विचारतेय. अवकल समीकरणं का नाही वापरत? आणि सहा नोडच्या मॉडेलला कोण गांभीर्यानं घेईल?

गोदाकाठ (नांदेड)

ताई, समीकरणांना प्रत्येक बाणाचा वेग, प्रत्येक रेणूचा ऱ्हास, प्रत्येक बंधनाची ताकद लागते. तुरीसाठी यातले किती आकडे हाताशी आहेत? कोण कोणाला चालू करतं, कोण कोणाला अडवतं, एवढं मात्र बऱ्यापैकी माहीत असतं. आणि प्रतिसाद तीव्र असेल, म्हणजे उंबरठ्याखाली जवळपास काही नाही आणि वर जवळपास पूर्ण, तर पायरी धरणं चुकीचं ठरत नाही. प्रतिसाद सावकाश चढणारा असेल तर मात्र बूलियन मॉडेल फसवतं.

लहान मॉडेलचं म्हणाल तर २००४ मध्ये फांगटिंग ली आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या पेशीचक्राचं ११ नोडचं मॉडेल केलं. २०४८ स्थिती, ७ स्थिर बिंदू, आणि त्यातल्या एकट्या जी१ (विभागणीआधीच्या) अवस्थेच्या पाणलोटात १७६४ स्थिती. ११ नोडांतून एवढं निघतं. तुमच्या विषयाच्या जवळचं म्हणजे सॉंग ली, सॅरा असमन आणि रेका अल्बर्ट यांचं २००६ चं रक्षक पेशीतल्या (पर्णरंध्र उघडझाप करणाऱ्या) एबीए संकेताचं मॉडेल, ४० हून अधिक घटकांचं. वेग माहीत नसल्यामुळं त्यांनी नोड बदलायचा क्रम यदृच्छ ठेवून पुन्हा पुन्हा चालवलं.

मोठं करताना एक मर्यादा : बूलनेट सगळ्या स्थिती एकेक करून तपासतं ते २९ जनुकांपर्यंतच. २ चा २९ वा घात ५३ कोटींच्या वर जातो. त्यापुढं सॅट पद्धत (सगळ्या स्थिती न मोजता तर्कानं ॲट्रॅक्टर शोधणारी) वापरा.

काळी_माती (परभणी)

मांजराकाठ, मॉडेल तपासायला म्युटंट (एखादं जनुक बदललेली झाडं) घ्या. ॲट्रॅक्टर मोजून मॉडेल खरं ठरत नाही, नोड मोडून खरं ठरतं.

एबीआय१-१ हा जुना म्युटंट. त्यातल्या फॉस्फटेजला ग्राही धरूच शकत नाही. मॉडेलमध्ये पीवायएलकडून येणारा बाण तोडा, पीपी२सी कायम मोकळं, स्नर्क२ ०, आरडी२९बी ०. झाडही तसंच वागतं, एबीएला दाद देत नाही. ओएसटी१ म्हणजे स्नर्क२.६ मोडलेला म्युटंट : पर्णरंध्रं मिटत नाहीत, पाणी उडत राहतं, म्हणून पान थंड राहतं. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ही झाडं शेजारच्यांपेक्षा थंड दिसतात, आणि ती सापडलीही अशीच.

आता सापळा. पीवायएल नोड ० केला की मॉडेल म्हणतं सगळं बंद. प्रत्यक्षात एकेक ग्राही मोडलेल्या अराबिडोप्सिसमध्ये फारसा फरकच दिसत नाही, कारण या कुटुंबात १४ ग्राही आहेत. २००९ मध्ये चार ग्राही एकत्र मोडल्यावर परिणाम ठळक दिसला. तुमचा 'पीवायएल' म्हणजे चौदांचा 'किंवा' आहे. म्हणून नोडचं नाव 'पीवायएल कुटुंब' असं ठेवा, म्हणजे वाचणारा एका जनुकाचा निकाल त्यावर लादणार नाही.

स्नर्क२ चंही तसंच. पर्णरंध्र मिटवण्यात ओएसटी१ मुख्य, पण पानभर जनुकं चालू करण्यात स्नर्क२.२ आणि २.३ यांचाही वाटा आहे. अख्ख्या पानाचा आरएनए काढलात तर त्यात रक्षक पेशी अगदी थोड्या. त्या मोजमापावरून पर्णरंध्राबद्दल निष्कर्ष काढू नका.

दोलन बघायचं असेल तर अजून एक. अख्ख्या पानातल्या लाखो पेशी एकाच तालात नसतील तर सरासरी सपाट येते आणि दोलन असूनही दिसत नाही. म्हणजे 'उंबरठा २ वर नाही' असं सपाट आलेखावरून ठाम म्हणता येत नाही. सगळ्या पेशींना एकाच क्षणी एबीए मिळाला तर निदान पहिली उसळी आणि पहिला उतार एका तालात येतो, तेवढ्यावर लक्ष द्या.

मांजराकाठ (लातूर)

मग पाणी तोडण्यापेक्षा एबीएची फवारणी बरी का? पाणी तोडलं तर एबीए हळूहळू चढेल, ० ते १ असा स्वच्छ बदल मिळणार नाही.

काळी_माती (परभणी)

हो, मॉडेलच्या तपासणीला फवारणीच. काळ्या भारी मातीच्या कुंडीत ओल इतकी संथ उतरते की ताण कोणत्या दिवशी सुरू झाला हेच सांगता येत नाही. एबीएचा रेणुभार २६४.३. १३.२ मिलिग्रॅम १ मिलिलीटर इथेनॉलमध्ये विरघळवा, ५० मिलिमोलार होतं. या प्रमाणात बनवलेलं २ मिलिलीटर द्रावण १ लिटर पाण्यात म्हणजे १०० मायक्रोमोलार. तुलनेच्या झाडांना तेवढंच इथेनॉल, ०.२ टक्के, घातलेलं पाणी फवारा, नाहीतर इथेनॉलचाच परिणाम एबीएच्या नावावर जाईल. बाटलीवर दोन्ही प्रतिरूपांचं मिश्रण लिहिलं असेल तर नैसर्गिक रूप त्यात निम्मंच आहे, ते वहीत नोंदवा. एबीए उजेडात खराब होतं. बाटलीला फॉइल गुंडाळा आणि द्रावण त्याच वेळी बनवा.

नमुने ०, १५ मिनिटं, ३० मिनिटं, १, २, ४, ८ तास असे सुरुवातीला दाट घ्या. उसळी सुरुवातीलाच असते, ०, ६, १२ तास असे घेतले तर ती निसटते. तुलनेच्या झाडांचे नमुने प्रत्येक वेळी घ्या, फक्त ० ला नाही. पुष्कळ जनुकं दिवस-रात्रीच्या तालावर वरखाली होतात, सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत मोजलं की तोच ताल 'चक्र' म्हणून समोर येतो.

संख्यावाला (छत्रपती संभाजीनगर)

नमुन्यांच्या वेळा आणि मॉडेलच्या पायऱ्या एकास एक जोडू नका. १५ मिनिटं म्हणजे एक पायरी असं नसतं. फक्त क्रम जुळवा : आरडी२९बी चालू व्हायच्या आधी पीपी२सी वाढलं का, नंतर का, की एकाच नमुन्यात दोन्ही.

मांजराकाठ (लातूर)

बदललेले नियम :

एबीए = इनपुट
पीवायएल कुटुंब = एबीए
पीपी२सी प्रमाण = एबीएफ चालू तर २, नाहीतर १
स्नर्क२ = पीवायएल बंद तर ०. पीवायएल चालू आणि पीपी२सी १ तर २. पीवायएल चालू आणि पीपी२सी २ तर १
एबीएफ = स्नर्क२ किमान १ (दुसऱ्या आवृत्तीत किमान २)
आरडी२९बी = एबीएफ

वेगवान वर्ग : पीवायएल, स्नर्क२, एबीएफ. संथ वर्ग : बाकीचे दोन. दोन्ही आवृत्त्या चालवतो, आणि दोन्हींत एबीआय१-१ तपासतो.

आरडी२९ए हे जनुकसुद्धा घ्यायचा विचार आहे. त्याचा नियम 'एबीएफ'च ठेवू का?

काळी_माती (परभणी)

नाही. आरडी२९ए च्या प्रवर्तकात (जनुकाच्या सुरुवातीचा नियंत्रण भाग) एबीएफ बसतो तो एबीआरई हा तुकडा आहे, तसा ड्रेब हा दुसरा प्रतिलेखन घटक बसतो तो डीआरई हा तुकडा पण आहे, आणि ड्रेब२ ला पाण्याचा ताण एबीएशिवायही चालू करतो. म्हणून आरडी२९ए = ड्रेब२ किंवा एबीएफ, आणि त्यासाठी 'पाण्याचा ताण' हा वेगळा इनपुट लागेल. फवारणीत ताण ० आणि एबीए १, पाणी तोडल्यावर दोन्ही १. आरडी२९बी ला डीआरई नको, ते एबीएफवरच ठेवा. मॉडेलच्या हिशेबानं एबीआय१-१ चं पाणी तोडलं तर आरडी२९ए दिसायला हवं आणि आरडी२९बी नाही. म्हणून दोन्ही जनुकं एकाच नमुन्यात मोजा.

तुरीत या जनुकांची नावं थेट उचलू नका. तुरीचा जीनोम प्रसिद्ध झालेला आहे, त्यात अराबिडोप्सिसच्या प्रथिनाचा क्रम टाकून जुळणारी जनुकं शोधा. एकाला तीन-चार सापडतील. प्रायमर त्यातल्या प्रत्येकाचा वेगळा करा, सगळ्यांत सारख्या असणाऱ्या भागावर करू नका, आणि प्रत्येकाचा प्रवर्तक उघडून एबीआरई किती आहेत ते मोजा. अराबिडोप्सिसच्या आरडी२९बी ला एबीएचा प्रतिसाद द्यायला दोन एबीआरई लागतात. तुरीतल्या ज्याच्या प्रवर्तकात एकही नाही, त्याला या मॉडेलमध्ये आरडी२९बी म्हणून बसवू नका.